शारदेच्या वयाचीं मुलें



गेल्या महिन्यांत एका रविवारीं मी माझ्या नातीला आणि नातवाला घेऊन शहरांतल्या एका नाट्यगृहांत 'संगीत शारदा' पाहावयास गेलों. नात तेरा वर्षांची, नातू पंधराचा. घरांतून निघतांना सूनबाईंनीं शंका काढली. "बाबा, तीन तासांचें संगीत नाटक आहे. मुलांना झेपेल का? त्यापेक्षां एखाद्या सिनेमाला न्या. निदान कंटाळणार तरी नाहींत." शंका रास्त होती. 'शारदा' हें कांहीं मुलांसाठीं लिहिलेलें नाटक नव्हे. त्यांत राक्षस नाहीं, परी नाहीं, जादूहि नाहीं. आहे ती एका मुलीच्या विक्रीची कथा. तरीहि मीं तेंच निवडलें, आणि मुलें या वयाला येईपर्यंत मुद्दाम थांबून निवडलें. कारण एवढेंच कीं, नाटकांतली शारदा जवळजवळ माझ्या नातीच्याच वयाची आहे.

मोठ्या मुलांना संगीत नाटकास कां न्यावें, या प्रश्नाचें उत्तर बहुधा संगीताच्या अंगानें दिलें जातें. मुलांचा कान तयार होतो, रागदारीची ओळख होते, भाषा सुधारते, असें आपण म्हणतों. हें सारें खरें आहे. परंतु मला आज दुसरें एक कारण सांगावयाचें आहे, आणि तें सांगण्यासाठीं थोडें मागें जावें लागेल.

आपल्या रंगभूमीच्या इतिहासांत मुलें आणि नाटक यांचें नातें मोठें चमत्कारिक दिसतें. १८४३ सालीं सांगलीस विष्णुदास भावे यांनीं 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणलें. पाठीशीं सांगलीच्या अधिपतींचा आश्रय होता आणि विषय रामकथेचा होता. तें पाहण्यांत कोणास कमीपणा वाटण्याचें कारण नव्हतें. पुढें नाटकमंडळ्या निघाल्या, गांवोगांव फिरूं लागल्या, तिकिटें लावून खेळ करूं लागल्या. आणि पांढरपेशा घरांत नाटकाविषयीं दोन परस्परविरुद्ध भावना एकाच वेळीं वाढीस लागल्या. घरांतले कर्ते पुरुष रात्र रात्र जागून नाटक पाहत, दुसऱ्या दिवशीं ओटीवर बसून पदें घोळवीत. आणि त्याच घरांतला मुलगा नाटकगृहाच्या आसपास दिसला तर त्याच्या पाठींत रट्टा बसे. 'नाटक्या' हा शब्द पुष्कळ घरांत शिवीच्या जागीं वापरला जाई.

३१ ऑक्टोबर १८८० रोजीं पुण्यांत अण्णासाहेब किर्लोस्करांनीं 'शाकुंतला'चे पहिले चार अंक करून दाखविले आणि संगीत नाटकाचें युग सुरू झालें. भाव्यांच्या नाटकांतहि गाणें होतेंच. पण तें मुख्यतः सूत्रधार गात असे. किर्लोस्करांनीं पद पात्राच्या स्वतःच्या तोंडीं घातलें. कीर्तनांतली साकी-दिंडी, लावणीची चाल, कर्नाटकांतली चाल, बायकांच्या गाण्यांतली चाल, जें हाताशीं आलें तें त्यांनीं घेतलें. पण नियम एक पाळला. ज्याचें दुःख त्यानेंच गावें, ज्याचा आनंद त्यानेंच गावा. आज ही गोष्ट अगदीं साधी वाटते. त्या काळीं तिचा परिणाम किती दूरवर गेला, तें पुढें दिसेल.

स्त्रियांच्या भूमिका अर्थातच पुरुष करीत. त्यासाठीं नाटकमंडळ्यांना गोड गळ्याचीं, नाजूक बांध्याचीं मुलें लागत. अशीं मुलें आईबापांपासून दूर, कंपनीच्या बिऱ्हाडीं राहत. पंक्तीला जेवत, दिवसा तालीम करीत आणि रात्रीं लुगडें नेसून उभीं राहत. म्हणजे जें वय प्रेक्षकांत बसावयास अयोग्य समजलें जाई, तेंच वय रंगभूमीवर उभें राहून सगळ्या गांवाला रडवीत असे. केशवराव भोसले यांचेंच उदाहरण घ्या. १८९० सालीं जन्मलेला हा मुलगा अगदीं बालवयांत स्वदेशहितचिंतक मंडळींत दाखल झाला आणि शारदेच्या भूमिकेनें त्याचें नांव महाराष्ट्रभर झालें. पुढें १९०८ सालच्या पहिल्याच दिवशीं त्यांनीं हुबळीस 'ललितकलादर्श' मंडळीची स्थापना केली, तेव्हां त्यांचें वय पुरतें अठराहि नव्हतें. कोल्हापुरांत १९१५ सालीं शाहू छत्रपतींच्या काळांत उभें राहिलेलें नाट्यगृह पुढें त्यांच्याच नांवानें ओळखलें जाऊं लागलें. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्रीं, त्यांच्या जयंतीच्या आदल्या दिवशीं, त्याला भीषण आग लागली, तेव्हां ज्यांनीं केशवरावांचें गाणें कधीं ऐकलें नव्हतें अशा माणसांच्याहि डोळ्यांत पाणी आलें.

आतां या नाटकांत मुलांनीं आणि मोठ्यांनीं पाहिलें काय, तें पाहूं. किर्लोस्करांनीं १८८२ सालीं 'सौभद्रा'चे पहिले तीन अंक रंगभूमीवर आणले. कथा महाभारतांतली, पण त्यांनीं ती मांडली मात्र एखाद्या मराठी घरांतल्या लग्नासारखी. वडील भाऊ बलराम. त्यानें बहिणीचें लग्न दुर्योधनाशीं ठरवून टाकलेलें. बहिणीच्या मनांत अर्जुन. आणि दुसरा भाऊ कृष्ण, वरकरणीं कांहीं न बोलतां सगळीं सूत्रें हलविणारा. सगळी गंमत, सगळा घोटाळा एकाच गोष्टीवर उभा आहे. सुभद्रेला कोणीं विचारलेंच नाहीं. सुभद्रा भावापुढें तोंड उघडून सांगूं शकत नाहीं; पण एकटी असतांना ती गाते, आणि तें गाणें सगळें नाट्यगृह ऐकतें. घरांत जिला बोलण्याची मुभा नव्हती तिला रंगभूमीनें गावयास लावलें. पात्राच्या तोंडीं पद घालण्याच्या त्या साध्या वाटणाऱ्या नियमाचा परिणाम तो हा.

'सौभद्र' हें सुखान्त आणि देवादिकांचें नाटक. तेथें कृष्ण पाठीशीं आहे. ज्या मुलीच्या पाठीशीं कृष्ण नाहीं तिचें काय, हा प्रश्न किर्लोस्करांच्या शिष्यानें विचारला. गोविंद बल्लाळ देवल हे ते शिष्य. त्यांचीं बाकीचीं नाटकें संस्कृत, इंग्रजी वा फ्रेंच आधारावरचीं. 'शारदा' हें मात्र त्यांचें एकमेव स्वतंत्र नाटक. १८९९ सालीं किर्लोस्कर मंडळीनें इंदूर मुक्कामीं त्याचा पहिला प्रयोग केला. राजे गेले, ऋषि गेले, अप्सरा गेल्या. त्यांच्या जागीं आला लोभी बाप कांचनभट, लग्नें जुळवून देणारा भद्रेश्वर दीक्षित, पंचाहत्तरी गाठलेला श्रीमंत भुजंगनाथ, आणि पैशासाठीं त्याला देऊं केलेली शारदा. प्रेक्षकांना ओळख करून देण्याची गरजच नव्हती. असे कांचनभट आणि भुजंगनाथ प्रत्येकाच्या गांवांत होते. कित्येकांच्या तर घरांतच होते.

हें नाटक कोणत्या हवेंत जन्मलें तें मुलांना सांगितल्यावांचून त्यांना नाटकगृहांत नेऊं नये, असें माझें मत आहे. म्हणून जाण्याच्या आदल्या रात्रीं मीं माझ्या नातवंडांना दोन गोष्टी सांगितल्या. पहिली रखमाबाईंची. मुंबईतल्या या मुलीचें अकराव्या वर्षीं लग्न झालें होतें. मोठी झाल्यावर तिनें नवऱ्याकडे नांदावयास जाण्याचें नाकारलें. १८८४ सालीं नवऱ्यानें कोर्टांत दावा लावला. १८८७ सालीं कोर्टानें सांगितलें कीं, नांदावयास जा, नाहीं तर सहा महिने तुरुंगांत जा. तिनें तुरुंग पत्करण्याची तयारी दाखविली. १८८८ सालीं प्रकरण तडजोडीनें मिटलें. रखमाबाई विलायतेस गेल्या, डॉक्टर होऊन आल्या आणि सुरत व राजकोट येथें त्यांनीं आयुष्यभर स्त्रियांची सेवा केली.

दुसरी गोष्ट १८९१ सालच्या संमतिवयाच्या कायद्याची. या कायद्यानें संमतीचें वय दहावरून बारा केलें. एवढ्या दोन वर्षांसाठीं सगळा महाराष्ट्र पेटला. आगरकरांनीं 'सुधारकां'तून कायद्याची बाजू लावून धरली. परकी सरकारनें आमच्या धर्माच्या बाबतींत हात घालूं नये म्हणून लोकमान्य टिळकांनीं विरोध केला. सभा झाल्या, सभा उधळल्या गेल्या. माझ्या नातीनें मध्येंच विचारलें, "आजोबा, दहावरून बारा? म्हणजे सहावीपर्यंत?" ती ज्या मापानें वयें मोजते तें माप शाळेच्या इयत्तांचें आहे. मला वाटतें, याहून योग्य माप नाहीं.

देवलांनीं या वादांत व्याख्यान दिलें नाहीं. त्यांनीं प्रेक्षकांना आधीं हंसविलें. भुजंगनाथाचा लग्नाचा उतावीळपणा, त्याची जपलेली अक्कड, दीक्षिताची गोडबोली लबाडी हें सारें पाहून आजहि प्रेक्षागृह हंसतें. माझा नातू मोठमोठ्यानें हंसत होता. पण देवलांची खुबी अशी कीं, तोच म्हातारा, तेंच दात पडलेलें तोंड, अंक पुढें सरकतो तसें भीतिदायक होत जातें. आपण ज्याला हंसलों त्याच्याच हातीं ही मुलगी द्यावयाची आहे, हें शारदेच्या तोंडच्या पदांतून कळूं लागतें तेव्हां हंसूं आपोआप थांबतें. त्या दिवशीं माझ्या शेजारच्या खुर्चींतलें हंसणें नेमकें केव्हां थांबलें, तें मला कळलें. मुलांकडे पाहत नाटक पाहणें हा स्वतंत्र आनंद आहे; आणि स्वतंत्र शिक्षणहि.

त्या काळीं प्रेक्षागृहांत स्त्रियांची बसण्याची सोय निराळी असे. पण पुष्कळ घरांतल्या स्त्रियांना तीहि लाभत नसे. तरी पदांना भिंतींचा अटकाव नव्हता. नाटक पाहून आलेले पुरुष तीं गात, वाजंत्रीवाले वाजवीत, पुढें ग्रामोफोनच्या तबकड्या निघाल्या. माझी आजी १८९८ सालची, म्हणजे 'शारदे'हून एक वर्षानें वडील. दहाव्या वर्षीं तिचें लग्न झालें. वर म्हातारा नव्हता, सुस्वभावी तरुण होता. पण तिला कोणीं विचारलें नव्हतें हें खरेंच. तिला 'शारदे'ंतलीं तीन-चार पदें येत. भाकरी थापतांना ती तीं हलकेंच गुणगुणे आणि बाहेरून पुरुषांची चाहूल लागली कीं थांबे. मी लहान होतों तेव्हां तिला विचारलें, "आजी, तूं हें नाटक कोठें पाहिलेंस?" ती म्हणाली, "मी कशाला पाहतेंय? दादा रात्रीचा पाहून यायचा आणि सकाळीं अंघोळ करतांना म्हणायचा. तेव्हां दाराआड उभी राहून ऐकलीं." नाटक न पाहतां जिला नाटकांतला मुलीचा भाग पाठ होता अशी ती एकटीच नसेल. अशा किती जणी असतील, याची मोजदाद कोणत्याहि इतिहासांत सांपडणार नाहीं.

येथें एक विसंगति दिसते, तीहि मुलांपासून लपवूं नये. मुलीचें मन रंगभूमीवर आलें खरें, पण तें पुरुषाच्या गळ्यांतून आलें. बालगंधर्वांनीं १९०५ सालीं किर्लोस्कर मंडळींत शकुंतलेच्या भूमिकेनें सुरुवात केली आणि पुढें १९११ सालच्या 'मानापमाना'ंत भामिनी, १९१६ सालच्या 'स्वयंवरा'ंत रुक्मिणी अशा एकाहून एक भूमिका अजरामर केल्या. यांतहि प्रश्न तोच होता. भामिनी बापानें ठरविलेल्या वराला प्रथम झिडकारते; रुक्मिणी भावानें ठरविलेल्या वराला नाकारून स्वतः श्रीकृष्णाला निवडते. या नायिका पाहून स्त्रियांनीं केशभूषा आणि लुगडें नेसण्याची ढब उचलली, हें सर्वश्रुत आहे. पण खऱ्या स्त्रीनें त्याच रंगभूमीवर उभें राहून स्वतःच्या गळ्यानें हेंच गावें, यास प्रतिष्ठित समाजाची मान्यता मिळण्यास आणखी कितीतरी वर्षें जावीं लागलीं. हिराबाई बडोदेकरांनीं स्वतःची नाटकमंडळी काढून संगीत नाटकांत भूमिका केल्या; १९३३ सालीं 'नाट्यमन्वंतर' संस्थेच्या 'आंधळ्यांची शाळा' या नाटकांत ज्योत्स्नाबाई भोळे उभ्या राहिल्या; आणि हळूहळू ती कोंडी फुटली. माझ्या नातीनें शारदेची भूमिका एका तरुण गायिकेला करतांना पाहिली. एके काळीं हीच भूमिका एक मुलगा करीत असे, हें ऐकून तिनें विचारलें, "मग मुली कोठें होत्या?" मीं म्हणालों, "दाराआड."

आतां नाटकाच्या शेवटाकडे वळतों. लग्नाचा मांडव पडतो. शारदेच्या आईचा जीव तुटतो, पण तिचें चालत नाहीं. कोदंड नांवाचा तेजस्वी तरुण हें लग्न मोडण्याची खटपट करतो. आणि ऐन वेळीं निष्पन्न होतें कीं वधू आणि वर यांचें गोत्र एकच आहे. सगोत्र विवाह शास्त्राला संमत नाहीं, लग्न मोडतें. निराशेच्या भरांत शारदा नदीवर जीव द्यावयास जाते, कोदंड तिला वांचवितो, आणि अखेर शंकराचार्यांच्या अनुज्ञेनें त्या दोघांचा विवाह होतो. पडदा पडतो, टाळ्या पडतात.

परततांना रिक्षांत नातू पदांविषयीं बोलत होता. नात गप्प होती. बऱ्याच वेळानें ती म्हणाली, "आजोबा, गोत्र वेगळें असतें तर?"

मीं म्हटलें, "तर लग्न लागलें असतें."

"म्हणजे तिला नको होतें म्हणून नाहीं मोडलें?"

"नाहीं."

शंभराहून अधिक वर्षें हें नाटक गाजत आहे. त्यावर मीं पुष्कळ वाचलें आहे, पुष्कळ ऐकलें आहे. पण नाटकाच्या मर्मावर इतकें नेमकें बोट ठेवणारा प्रश्न मला क्वचितच कोणीं विचारला असेल. तो तेरा वर्षांच्या मुलीनें विचारला, याचें आश्चर्य वाटावयास नको. कारण तो प्रश्न तिच्याच वयाचा आहे.

देवलांना दोष देण्याचें कारण नाहीं. १८९९ सालच्या प्रेक्षकांपुढें मुलीचें 'नको' हें लग्न मोडण्यास पुरेसें कारण म्हणून ठेवलें असतें तर तें कितीजणांना पटलें असतें? रखमाबाईंचा 'नको' कोर्टानें मानला नव्हता, तो समाज कोठून मानणार? जे लोक शास्त्राच्या नांवानें मुली विकीत होते त्यांना देवलांनीं शास्त्राच्याच एका वचनानें अडविलें. ज्या घराला जें कुलूप, त्याचीच किल्ली त्यांनीं वापरली. परंतु गोत्र वेगळें असलेल्या मुलींचा प्रश्न शिल्लकच राहिला, आणि तो रंगभूमीच्या बाहेर सोडवावा लागला.

तें काम झालें १९२९ सालीं. अजमेरचे हरबिलास सारडा यांनीं मध्यवर्ती कायदेमंडळांत आणलेलें बिल मंजूर झालें आणि १९३० सालच्या एप्रिलपासून अमलांत आलें. मुलीचें वय चौदा व मुलाचें अठरा याहून कमी असतां लग्न लावणें हा गुन्हा ठरला. मराठींत लोकांनीं त्यास 'शारदा कायदा' असें नांव दिलें. आजहि कित्येकांची समजूत अशी असते कीं, तें नांव देवलांच्या नायिकेवरून पडलें. तें खरें नव्हे. तो सारडा या आडनांवाचा मराठी अवतार आहे. पण त्या चुकींतहि एक अर्थ आहे. मराठी माणसाच्या मनांत तो कायदा त्या मुलीचा झाला.

कायदा मात्र पुरता नव्हता. लग्न लावणाराला महिनाभर कैद आणि हजार रुपयांपर्यंत दंड होऊं शके. पण लागलेलें लग्न रद्द होत नसे. पुढें १९४९ सालीं मुलीचें वय पंधरा झालें, १९७८ सालीं मुलीचें अठरा आणि मुलाचें एकवीस झालें, आणि २००६ सालीं बालविवाहास प्रतिबंध करणारा नवा, अधिक कडक कायदा आला. दहा, बारा, चौदा, पंधरा, अठरा. शारदेच्या प्रश्नाचा इतिहास या पांच आंकड्यांत मावतो. बोलावयास हे आंकडे पांच श्वास पुरतात. प्रत्यक्षांत त्यांना शतकाहून अधिक काळ लागला.

आणि तो प्रश्न संपला असें समजून आपण नाट्यगृहांतून उठूं नये. २०१९ ते २०२१ या काळांत झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणींत असें आढळलें कीं, महाराष्ट्रांत २० ते २४ या वयाच्या स्त्रियांपैकीं सुमारे २२ टक्के स्त्रियांचीं लग्नें अठरा वर्षें पुरीं होण्यापूर्वींच झालीं होतीं. म्हणजे पांचांत एकीहून अधिक. शहरांतल्या सुशिक्षित घरांत बसून आपल्याला या मुली दिसत नाहींत. त्या अजूनहि दाराआडच उभ्या आहेत. मीं हा आंकडा नातीला सांगितला तेव्हां तिनें आपल्या वर्गांतल्या मुली मोजल्या. चाळीस मुलींत साधारण नऊ. ती म्हणाली, "मग हें जुनें नाटक कसें?"

म्हणून मी म्हणतों, मुलांना संगीत नाटकास नेतांना वयाचा विचार अवश्य करावा. पण तो कंटाळा येईल कीं नाहीं एवढ्यापुरता नसावा. सात-आठ वर्षांच्या मुलाला 'शारदा' दाखवूं नये. त्याला म्हाताऱ्याची गंमत दिसेल आणि नदीची भीति वाटेल. त्याला 'सौभद्र' दाखवावें. बारा-तेराच्या पुढच्या मुलांना मात्र 'शारदा' दाखवावी, आणि मुलींबरोबर मुलांनाहि न्यावें. हें नाटक मुलींचें आहे अशी समजूत करून घेणें म्हणजे कांचनभट, भद्रेश्वर आणि भुजंगनाथ हे तिघेहि पुरुष होते हें विसरणें होय. जाण्यापूर्वीं कथानक सांगून टाकावें. संगीत नाटकाची गोडी पुढें काय होणार यांत नसते; तें होत असतां मनांत काय चाललें आहे, यांत असते. एक-दोन पदें घरीं आधीं ऐकवावीं. ओळखीचें पद आलें म्हणजे मूल खुर्चींत सरसावून बसतें. एकाच शब्दावर गायक दहा वेळां फिरतो तेव्हां कथा थांबलेली नसते, मन त्या जागीं अडलेलें असतें, एवढें समजावून दिलें कीं निम्मा कंटाळा जातो. पूर्वींच्या प्रयोगांना रात्र उलटून जाई, 'वन्स मोअर'वर 'वन्स मोअर' होत; आतांचे प्रयोग आटोपशीर असतात. आणि परततांना घाई करूं नये. नाटकाचा अखेरचा अंक बहुधा वाटेवर होतो.

आम्ही घरीं पोंचलों तेव्हां सूनबाईंनीं दार उघडलें. "काय, कंटाळलांत का?" नातू म्हणाला, "गाणीं जरा लांबलीं, पण तो म्हातारा झकास होता." मग थोडें थांबून म्हणाला, "झकास म्हणजे, वाईट होता." नात कांहीं बोलली नाहीं. हातपाय धुऊन आल्यावर तिनें मला विचारलें, "तुमच्या आजीला कोणींच नेलें नाहीं नाटकाला? म्हातारपणींसुद्धां?" मला उत्तर देतां येईना. १९६८ सालीं पुण्यांत बालगंधर्वांच्या नांवाचें रंगमंदिर उघडलें, तेव्हां आजी हयात होती. आमच्या घरापासून तें फार लांबहि नव्हतें. तिच्या तोंडचीं पदें मला पाठ होतीं. तरी तिला एकदां नाटकास न्यावें, हें माझ्या मनांत आलें नाहीं. मीं नातीला तसेंच सांगितलें. मुलांना नाटक दाखवावयाचें तर असे प्रश्न आपल्यावरहि यावयाचेच. ते टाळूं नयेत.

रात्रीं जेवतांना मात्र तिनें खरा प्रश्न काढला. पोळीचा तुकडा हातांत तसाच धरून ती आपल्या आईला म्हणाली, "आई, तुझें लग्न कोणीं ठरवलें? तुला विचारलें होतें का?"

सूनबाईंनीं माझ्याकडे पाहिलें आणि मुलाकडेहि पाहिलें. मग त्यांनीं हातांतलें वाढण्याचें भांडें खालीं ठेवलें, लेकीशेजारीं बसून घेतलें आणि सगळें सांगावयास सुरुवात केली. तें त्या दोघींचें बोलणें होतें. म्हणून मी आणि नातू आपापलीं ताटें उचलून आंत गेलों. तें येथें सांगणें योग्य नव्हे. एवढेंच सांगतों कीं, त्यांचें बोलणें पुष्कळ वेळ चाललें होतें, आणि त्या रात्रीं आमच्या घरांत कोणीहि दाराआड उभें नव्हतें.